अडीच इंचांची चूण

१९६१ साली मी अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो. मूळ नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि त्यावर तो शाईनं उतरवायचा, एवढंच काम. बायको मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, जांबखेडीला. मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मध्ये, सडकेला लागून. दर सोमवारी तिचं पत्र यायचं. पोराचं नाव काय ठेवायचं यावरून आमची पत्रातच भांडणं चालली होती.

त्याच महिन्यात अमरावती-अकोला विमानाचा प्रस्ताव निघाला. लहान विमान, ताशी एकशेवीस मैल. मी मोजून लिहिलं: हवाई अंतर पन्नास मैल, वेळ पंचवीस मिनिटं.

आमचे साहेब भगवंतराव खवळले. "वर वीस मिनिटं सांगून बसलो मी. हे पंचवीस काहून आणून राहिला?"

"साहेब, पन्नास मैल भरते."

"मंग चाळीस भरव! दहा मैलानं कोनाचं काय जाते? तुमच्या लोकाईले नोकऱ्या भेटल्या, अक्कल कोन देईन?"

डोकं तापलं होतं माझं. पण नोकरी कच्ची, आणि घरी पाळणा हलणार. चार मैलांना एक इंच असा तो नकाशा. मी उतरवलेल्या पातळ कागदाला मधोमध अडीच इंचांची चूण घातली, टाचण्या टोचल्या आणि वरून सफाईनं नवा नकाशा उतरवला. चुणीत एक नाला गेला आणि तीन खेडी गेली. त्यात जांबखेडी होती. दिसली मला. म्हटलं, कागदच तर आहे!

पुढच्या सोमवारी मैनाचं पत्र नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी माझंच पत्र परत आलं. वर शेरा: 'या नावाचे गाव नाही.'

पोस्टमनला शिव्या घालत रविवारी सकाळी एस.टी.त बसलो. मूर्तिजापूर मागं पडलं. मी खिडकीतून मैलाचे दगड वाचत होतो. अमरावती बत्तीस. एकतीस. तीस.

पुढचा दगड एकोणीस.

"जांबखेडी?" कंडक्टर म्हणाला. "कोन्ती जांबखेडी, भाऊ? धा वर्सं झाले मले या लाइनीवर."

उतरलो. मागं चालत आलो. दोन दगडांमध्ये कपाशीची पऱ्हाटी उभी होती. तासं सरळ, कुठंही सांधा नाही.

लाजबीज सोडून मी तिथं उभा राहिलो आणि मैनाला हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. रडलोही.

सोमवारी साहेबांचे पाय धरले. "नकाशा परत मागवा, साहेब. चूण उकलू द्या मले. माही बायको हाये त्यात."

"मंजूर झाला तो," साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले. "आता अंतर चाळीसच. अन् रडतो काहून? तुले पर्मनंट केलं."

संध्याकाळी शेजारच्या दुर्गाबाई वाटीभर वरण घेऊन आल्या. मैनाला हळद लावली होती ती यांनीच.

"पर्मनंट झाले म्हने, भाऊ!" वाटी ठेवत त्या म्हणाल्या. "आता लगन करून घ्या न. एकट्यानं किती दिवस भाकरी थापसान?"