मालक मागं बसतील

प्रियांकाचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरत नव्हते. सोमवारपासून ताडकळसला कुरियरची नोकरी होती. अट एकच, मोटारसायकल स्वतःची हवी. जुनी गाडी विकायची जाहिरात सापडली ती पार वालूरच्या शिवारातली. गॅरेजवाल्या बन्सीधरमामांनी निघताना बजावलं, "गाडी उजेडात बघ. चेसिस नंबर कागदाशी जुळव. अन् ट्रायल घेताना मालकाला मागं बसव, न्हाईतर चोरीचा आळ येतो."

भर दुपारी ती शेतातल्या त्या एकट्या घरासमोर उभी राहिली. आसपास चिटपाखरू नव्हतं. गाडी मात्र काळीभोर, लखलखीत! तिनं नंबर पडताळला, जुळला. आनंदाच्या भरात कागदावरच्या नावाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

दारात घरच्या बाई उभ्या होत्या, शांतम्मा. त्या हळूच म्हणाल्या, "घ्या ट्रायल. मालक मागं बसतील."

गाडी सुरू झाली तशी मागची सीट दबली. विभूतीचा गार वास आला. परक्या पुरुषाकडे काय वळून बघायचं, म्हणून तिनं बघितलं नाही.

"क्लच हळू सोड…" आवाज फार मऊ होता. "पुढचा ब्रेक कमी धरतो…"

विकणाराच गाडीची खोट सांगतोय म्हणजे माणूस सरळ आहे, असं तिला वाटलं. गाडी तर काय पळत होती! ओढ्यावरच्या पुलाशी आवाज म्हणाला, "इथं थांब…"

ती थांबली. दुसऱ्याच क्षणी वळणावरून एक ट्रॅक्टर हॉर्न न देता अगदी तिच्या पुढून सुसाट गेला.

शांतम्मांच्या दारात परतल्यावर सीट हलकी झाली. प्रियांका हसत वळली, तर मागं कुणीच नव्हतं.

"मालक कुठं गेले? सही लागंल त्यांची."

"सही मीच करते. गाडी माझ्या नावावर हाय."

तिनं कागद नीट वाचला. खरंच शांतम्मांचं नाव होतं.

"मग मालक…?"

"माझे मालक हो. नवऱ्याला काय म्हणतात तुमच्यात?" शांतम्मांनी आवाज आणखी खाली आणला. "दोन वर्सं झाली, त्या पुलावरच गेले. तवापासून गाडी विकू देईनात. तीन गिऱ्हाइकं पाडली. तुमाला न्हाई पाडलं… काय म्हणाले?"

"थांब… म्हणाले."

"मग न्या माय, न्याच गाडी." शांतम्मा रडायलाच लागल्या.

प्रियांकाचा जीव अर्धा झाला होता. पण सोमवार डोळ्यांसमोरून हलेना. आणि खोटं कशाला, गाडी मनात भरली होती. ज्यांनी आपल्याला वाचवलं ते वाईट कसे असतील? सौदा झाला. तिनं किक मारली. मागं कुणी बसलं नाही. पूल आला, गेला, काही झालं नाही. मग मात्र ती मोठ्यानं हसली. आपली गाडी! उन्हातल्या त्या रिकाम्या रस्त्यावर तिनं चौथा गिअर टाकला.

सेलूचा फाटा दिसला.

"आता डावीकडं…" मऊ आवाज अगदी कानाशी आला.

ताडकळसचा रस्ता उजवीकडे होता. तिनं हँडल उजवीकडे ओढलं, दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून ओढलं. गाडी डावीकडे वळली.