अर्धझोप

चार वाजले की लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्या थबकायच्या. रिक्षावाले हॉर्न वाजवत नसत, रसवंतीवाला चरक थांबवायचा आणि शेकडो पोरंपोरी असतील तिथं टेकायची. कुणी पायरीवर, कुणी फुटपाथवर, कुणी उभ्या स्कूटीवरच. एक पापणी हळूहळू जड व्हायची, दुसरी उघडायची. लोक याला ‘बदली’ म्हणत. महानंदा बिराजदार आपल्या मेसमध्ये तेवढा वेळ कुणाला गरम वरण वाढत नसे. सुरुवातीला वाढलं होतं, तेव्हा एका पोरानं वाटी तोंडाकडे न्यायची ती थेट खिशाकडे नेली होती.

या सगळ्याचं मूळ समुद्रात होतं. डॉल्फिनला श्वासासाठी सारखं पाण्यावर यावं लागतं. पूर्ण झोपला तर बुडून मरेल. म्हणून त्याच्या मेंदूचे दोन अर्धे भाग आळीपाळीनं झोपतात. एक झोपतो, दुसरा पोहतो. माणसाच्या मेंदूचेही असेच दोन अर्धे भाग आहेत, पण त्यांच्यामध्ये मज्जातंतूंचा जाडजूड पूल असल्यानं एक जागा झाला की तो दुसऱ्यालाही उठवतो. हा पूल हवा तेव्हा बंद ठेवणारी चकती शास्त्रज्ञांनी शोधली. ती कानामागे चिकटवायची. लोकांनी चकतीला ‘टिकली’ म्हटलं आणि त्या झोपेला ‘अर्धझोप’. चालण्याबोलण्याची सोय मेंदूच्या खालच्या मजल्यावरून लावलेली होती. पहिले काही महिने पोरं अडखळत, मग सरावत.

पहिल्या वर्षी टिकलीवाली पोरं पुढे गेली. पुढच्या वर्षी सगळ्यांनीच टिकली लावली. मग अभ्यासक्रम ठरवणाऱ्या शहाण्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी आता दिवसरात्र जागे असतात, तेव्हा त्यांनी अभ्यासक्रमही दिवसरात्रीचा करून टाकला. डॉक्टर व्हायचं तर मैदानावरचे गुण लागू लागले, आणि मैदानावर निवड व्हायची तर बारावीचे. म्हणजे झोप गेली ती गेलीच, आणि पोरं एकमेकांच्या तुलनेत जिथल्या तिथं राहिली.

महानंदाची गिरिजा बारावीला होती. तिच्या टिकलीची वाटणी दहावीतच ठरली होती. सकाळी मेंदूचा डावा भाग जागा. त्याच्याकडे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि रोजच्या चाचण्या. चारनंतर उजवा, त्याच्याकडे खो-खोचा सराव, व्यायाम, सामने आणि संघाची कामं. महानंदा त्यांना मनातल्या मनात ‘सकाळची’ आणि ‘संध्याकाळची’ म्हणे. सकाळची पुस्तकी बोलायची, जेवताना सूत्रं पुटपुटायची आणि तिखट तिला सोसत नसे. संध्याकाळची घामेजून यायची, आल्या आल्या “माय, ठेचा कुठंय?” म्हणून डबे उघडायची. महानंदाला संध्याकाळची जास्त आवडे. आपल्याच पोरीत डावंउजवं करतोय याची तिला लाजही वाटे.

दोघींची कधी गाठ पडत नव्हती, पण त्यांचा एकमेकींवर जीव होता. गल्लीतल्या सगळ्याच पोरांची ती रीत होती: जाताना बॉलपेननं तळहातावर निरोप लिहून ठेवायचा. ‘घोटा दुखावलाय, जिना जपून उतर.’ ‘उद्या चाचणी आहे, हात सुजवून आणू नकोस, लिहायचंय.’ खालच्या बाजूला कधी हसरं तोंड. पोरीच्या हातावरचं हे बोलणं महानंदा जेवण वाढता वाढता वाचायची. त्यात तिचं नाव कधी नसे.

मग महानंदा तापानं पडली. चांगली अंथरुणाला खिळली, मेस बंद राहिली. सकाळची दारातून डोकावून “बरं वाटतंय का?” विचारून क्लासला गेली. संध्याकाळची “पड जरा” म्हणून मैदानावर गेली. असं रोज चाललं. शेवटी शेजारणीनं दवाखान्यात नेलं, आणि ते कळल्यावर गिरिजा खरोखरच चक्रावली.

“मला वाटलं, संध्याकाळी ती नेत असेल तुला,” सकाळची म्हणाली.

“अगं माय, मला वाटलं ती नेऊन आणायली,” संध्याकाळची म्हणाली आणि रडली.

दोघीही खरं बोलत होत्या. तेच महानंदाला सोसेना. अंगात बळ येताच ती टिकल्यांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉ. तस्नीम काझींनीच गिरिजाला टिकली बसवली होती.

“वाटणी करताना तुम्ही घर कुणाकडे दिलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“घर काय वाटायचं असतंय व्हय, डॉक्टर? घर तर हायच की.”

“सगळे आईबाप हेच म्हणतात, ताई. आम्ही विचारतो, मुलीला कायकाय करायचंय? तुम्ही सांगता, अभ्यास आणि खेळ. मेंदूला आपण दोनच कामं सांगितली. घर ही आपली जबाबदारी आहे असं दोन्ही अर्ध्या भागांना वाटतच नाही. प्रत्येकीला वाटतं, दुसरी बघत असेल.”

“मग आता?”

“आधी आम्ही रात्री थोडा वेळ ‘मेळ’ ठेवायचो. म्हणजे पूल उघडायचा, दोन्ही भाग एकत्र झोपायचे. झोपेत दिवसभराच्या आठवणी इकडून तिकडे जातात, माणूस एक राहतो. पण त्या वेळात एक धडा होतो ना! सगळ्यांनीच मेळ बंद करून घेतला. तुम्हीही सही केलीत.”

महानंदानं केली होती. क्लासवाल्यांनी सांगितलं आणि तिनं केली. नवरा सोलापूरला नोकरीला. त्यानं फोनवर “सगळे करायलेत, तर कर” एवढंच म्हटलं होतं.

“ह्याला औषध न्हाई का काही?”

“आहे की. झोप.” डॉक्टर हसल्या नाहीत. “टिकली काढायची आणि महिनाभर नुसतं झोपू द्यायचं. दोघी आपोआप जुळतील. पण लवकर करा. अठरा उलटल्यावर पूल ताठर होत जातो.”

एवढंच? महानंदाला हसू की रडू कळेना. पण गिरिजाला अठरा पूर्ण व्हायला महिनाच उरला होता आणि त्याच महिन्यात वैद्यकीयची प्रवेश परीक्षा होती, राष्ट्रीय संघाचं शिबिरही होतं. झोपू द्यायचं तर दोन्ही बुडणार; सकाळचीची सगळी मेहनत पाण्यात, आणि संध्याकाळचीचीही.

तिनं आधी सकाळचीला विचारलं. वरणभात कालवत पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“माझं काही नाही, आई. खरं सांगू? मी फार दमलेय. परीक्षा बुडाली तर मला सुटल्यासारखंच होईल. पण तिचं शिबिर आहे. तिच्या वाटचं मी कसं सोडू?”

चारनंतर तिनं संध्याकाळचीला विचारलं. ती ताटावरून उठून आईच्या गळ्यात पडली.

“माय, मला नको गं ते शिबिर. पाय भरून आल्यात, जीव नको झालाय. पण तिनं एवढं वाचलंय. मी झोपले तर तिची परीक्षा जाईल की.”

महानंदा ताटाशेजारी बसून राहिली. तिला सगळं लख्ख दिसलं आणि त्यामुळे तिची पार कंबर खचली. एकटी असती तर पोर कधीच हात टेकून मोकळी झाली असती. पुस्तक फेकलं असतं, आदळआपट केली असती, ‘नाही जमत मला’ म्हणून रडली असती. एकट्या माणसाला तेवढी मुभा असते. पण इथं दोघी होत्या आणि दोघीही गुणी. एकीनं थांबायचं तर दुसरीचं नुकसान, म्हणून दोघीही धावत होत्या. ही समजूतदार पोर तिनंच वाढवली होती, आणि आता तिला त्याच समजूतदारपणाचा राग येत होता.

आईची सही अजून चालत होती. कुणालाही न विचारता तिनं ती केली. चार वाजता, दोन्ही पापण्या अर्ध्यावर असताना, डॉ. काझींनी टिकली काढली.

गिरिजा झोपली. आधी कितीतरी दिवस ती फक्त खायला उठायची. परीक्षेचा दिवस गेला, शिबिराची गाडी गेली. क्लासवाल्यांचे फोन आले, संघाच्या मॅडम दारात येऊन बोलून गेल्या. महानंदानं सगळं ऐकून घेतलं. आणि एका सकाळी पोर दोन्ही डोळे नीट उघडून स्वयंपाकघरात आली, ठेचा मागून घेतला आणि तो खाता खाता जीभ का पोळते हे आईला शास्त्रातून समजावून सांगू लागली. महानंदानं पदर डोळ्यांना लावला. किती दिवसांनी तिची पोर घरी आली होती!

पण पोरीचं मन लागेना. ती चारला दारात येऊन बसायची, काही होत नाही म्हणून उठायची. रोज तळहातावर काहीतरी लिहायची आणि सकाळी ते वाचून हिरमुसायची, कारण काय लिहिलंय हे तिला आधीच माहीत असायचं. पुढच्या वर्षीच्या परीक्षेची पुस्तकं आली होती. तो दिवसरात्रीचा अभ्यासक्रम समोर मांडून ती नुसती बघत राहायची.

अठराव्या वाढदिवसाला महानंदानं पुरणपोळी केली. गिरिजानं मन लावून खाल्ली, ताट धुऊन ठेवलं, आईच्या पाया पडली आणि दारात जाऊन चपला घालू लागली.

“कुठं निघालीस गं?”

“काझी डॉक्टरांकडे. आता माझीच सही चालते.”

“अगं, आता कुठं नीट झालीस! दोन घास माझ्याजवळ बसून खायलीस. काय कमी हाय तुला?”

गिरिजा परत फिरली. तिनं आईचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपण काहीतरी अगदी सोपं सांगतोय आणि आईला ते कळत नाहीये, एवढंच होतं.

“आई, आधी मी दमले की ती उठायची,” ती म्हणाली. “आता मी दमले, तर कोण उठणार?”

“मी हाय की,” महानंदा म्हणाली.

पोरीनं मान हलवली, आईचा हात हळूच सोडवला आणि ती पायऱ्या उतरून गेली.