विरोधातला इयान

"मित्रहो, झाडं म्हणजे आपल्या शहराची—"

"फुफ्फुसं! सातवीत ऐकलंय. पुढे?"

दिशा दचकून वळली. भर दुपारी मरोळच्या बागेत कुणी नसणार, म्हणून ती रिकाम्या बाकांसमोर भाषण घोकत होती. आणि हा... पाराला टेकून वडापाव खाणारा, गालात हसणारा कोण?

"तूच ना, नगरसेवकपदासाठी उभी राहिलेली? मी इयान. गावठाणातला. आणि मी तुझ्या विरोधात आहे."

"का रे? मी काय केलंय तुझं?"

त्याचं हसू विरलं. "मम्मीला अटॅक आला ना, तेव्हा आमच्या गल्लीत अँब्युलन्स अडकली. खुर्चीत बसवून धावत नेलं तिला. वाचली... पण मला फुफ्फुसं सांगू नकोस."

रविवारी अंधेरीत उमेदवारांची जाहीर चर्चा होती. रस्ता रुंद करायला त्याच गल्लीतली जुनी झाडं तोडायची का, हा विषय. समोर मुरलेले धोंडिरामशेठ. आणि दिशा? फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले गुडघे सोडवणारी, राजकारणात अगदी नवखी.

"उद्या येशील?" तिने विचारलं. "भांडायला?"

तो आला. मग रोजच येऊ लागला. धोंडिरामशेठचा घोगरा आवाज काढून तो तिला असा कोंडीत पकडायचा, की रागावता रागावता तिला हसू फुटायचं. एकदा तो तिला गल्लीत घेऊन गेला. तिथे ती चालता चालता थबकली.

"इयान, वाट झाडांनी नाही अडवली रे. दोन्ही बाजूंच्या गाड्या बघ!"

"गाड्यांवर बोललीस तर सोसायट्यांची मतं गेली. वाट लागेल तुझी."

"लागू दे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "सभेत मी तुला सोडणार नाही हं."

"सोड म्हटलंय कुणी?" ती बोलून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. "अँब्युलन्स काय फांद्यांवरून उडत येणार?" धोंडिरामशेठ गरजले. टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात इयान उभा राहिला. शेजारी त्याची आई, यव्होन आंटी.

"माझ्या आईला काय उत्तर द्याल तुम्ही?"

दिशाचं पाठ केलेलं सगळं गेलं कुठच्या कुठे! तिने थेट यव्होन आंटींकडे पाहिलं.

"आंटी, तुमची वाट गाड्यांनी अडवली. तिथे पेशंटकडे आले की त्यांत माझीही स्कूटर असते. गाड्या हलवू, वाहतूक एकेरी करू. तरीही अँब्युलन्स अडली, तर ते झाड तोडा म्हणून मीच सांगेन. माझी मतं जातील... जाऊ देत!"

मागून कुणीतरी हुर्यो केली. पण यव्होन आंटी उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग एक रांग उठली, मग दुसरी... दिशाच्या अंगावर काटा आला.

बाहेर पायऱ्यांवर इयानने तिला गाठलं.

"मम्मी म्हणतेय, जेवायला ये."

"मम्मी म्हणतेय?"

"मी म्हणतोय. आज ये, उद्या ये... म्हणजे— दिशा, मला तू खूप आवडतेस. यार, नीट बोलताच येत नाहीये!"

"आणि मी निवडणूक हरले तर?"

"तर तुला माझ्यासाठी जास्त वेळ मिळेल."

ती खळखळून हसली. आजूबाजूला सगळा मतदारसंघ उभा होता. बघू दे, ती मनात म्हणाली, आणि तिने सरळ त्याचा हात हातात घेतला.