मुदत संपलेल्या ज्योती

मुदत संपलेल्या संकटज्योती योग्य ठिकाणी सोपवून येणे, इतकेच काम होते. त्यात भिण्यासारखे काही नव्हते. निदान निघताना मला तसे वाटले.

नाव अडचणीत सापडली की हातात धरून पेटवायच्या या लाल ज्योती. काही वर्षांनी त्यांतली दारू भरवशाची राहत नाही. तरीही नाववाल्यांची एक खोड असते : नव्या आणायच्या आणि जुन्या त्यांच्यामागे सरकवून ठेवायच्या, असू द्याव्यात, अडीअडचणीला. आमच्या ह्यांनीही एक जुनी पेटी जपली होती. तीही खोडच, असे लग्नानंतर बरेच दिवस मी समजत होते. मग कळले, ती ह्यांच्या पहिल्या बायकोची पेटी होती.

पहिली एका दुपारी एकटीच होडी घेऊन गेली. होडी सापडली, ती नाही. ज्योतींची पेटी बाकाखाली कोरडी, झाकण लावलेली. ‘तिने एकही का पेटवली नाही?’ या प्रश्नाशी माझ्या नवऱ्याचा संसार चालला होता, माझ्याशी नव्हे. दिवस कलला की हे खिडकीशी जाऊन उभे राहत. जिवंत सवतीशी निदान भांडता येते. मेलेली कधी चुकत नाही, कधी म्हातारी होत नाही.

शेवटी मी म्हटले, “अहो, उशाशी दारूगोळा ठेवून झोपतो आपण. एक तर ती पेटी जाईल, नाहीतर मी.”

ह्यांनी पेटी उचलून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, “ने. पण फार हलवू नकोस. उन्हातही ठेवू नकोस.”

काळजी तीही पेटीचीच!

बंदराच्या कोठारात माझी नणंद कामाला. जुन्या ज्योती तिच्याकडे जमा करायच्या. त्या समुद्रात फेकायच्या नाहीत, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. आणि गंमत म्हणून किनाऱ्यावर पेटवायच्या तर मुळीच नाहीत. कारण लाल ज्योत दिसली की पाहणाऱ्याला मदतीला निघावेच लागते.

“काढलंस शेवटी वहिनीला घराबाहेर,” ती म्हणाली.

“वहिनी मीही आहे, वन्सं.”

“हो गं बाई, तू पण.”

तिने झाकण उघडले आणि तिचे हसू विरले. जळक्या दारूचा वास आला. त्याखाली ओल्या शेवाळाचा.

“यातली एक पेटवलीस?”

“नाही... मी त्या पेटीला हातसुद्धा लावत नव्हते.”

“मग दादाने?”

“ते तर तिच्यावरची धूळही फुंकरीने उडवतात.”

तिने एक नळी माझ्यापुढे धरली. टोक जळून काळे पडले होते. शेजारच्या ज्योतींना मात्र झळही नव्हती. मी बोट लावले. नळी अजून गरम होती...

बाकीच्या ज्योती तिने लोखंडी कपाटात बंद केल्या. ती एक वाळूच्या बादलीत खोचली. “जा घरी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आणि दादाला सांगू नकोस.”

सांगणार होते कोण? पहिलीने अखेर ज्योत पेटवली असे कळते, तर हे उभ्याउभ्या होडी पाण्यात लोटून निघाले असते.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवा लावण्याआधीच नजर खिडकीकडे गेली. धुक्यात, पाण्याला टेकून, एक लाल ठिपका. हातातली ज्योत बघता बघता विझते. ही जळतच राहिली. वारा असून हलली नाही. आणि तिच्याखालचे पाणी काळेच...

मागे पावले वाजली. मला पडदा ओढायचा होता, हात उचलेना. हे शेजारी येऊन उभे राहिले आणि नेमके तिकडेच पाहू लागले.

“तुम्हाला... काही दिसतं?”

“कुठे?”

“तिकडे... पाण्यावर.”

“धुकं.” आणि हे हसले, कितीतरी वर्षांनी. “खरं सांगू? पेटी गेली आणि छातीवरचा धोंडा उतरला. बरं केलंस तू. चल, आज मी चहा करतो.”

ज्या शब्दांसाठी मी इतकी वर्षे झुरले, ते अखेर माझे झाले होते. त्यांना काहीच दिसत नव्हते. मी जिंकले होते.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खिडकी लावून घेतली. खोलीत अंधार होता. काचेत आम्ही दोघे उमटलो, गालाला गाल लागेल इतके जवळ. त्यांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल उजळून निघाला होता. शेजारच्या माझ्या चेहऱ्यावर मात्र त्या उजेडाचा कणही पडला नव्हता.