विश्वजितची स्थळं उघडत नाहीत

“ही पण उघडंना... कसल्या फायली पाठवत्यात लोकं,” चंद्राबाई संयोगिताच्या कानाशीच पुटपुटल्या.

तासगावात त्यांचं वधू-वर केंद्र. स्थळं मोबाईलवर यायची, संयोगिता ती संगणकात लावून ठेवायची. चार महिन्यांत चंद्राबाईंच्या भाच्यासाठी, विश्वजितसाठी आलेलं एकही स्थळ उघडलं नव्हतं. संयोगिताला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

विश्वजित पुण्याची नोकरी घरून करायचा आणि आत्याचा संगणक बिघडला की यायचा. संगणक अलीकडे फारच बिघडत होता.

“सरका जरा,” तो म्हणाला.

ती सरकली... पण फार नाही. त्याच्या शर्टाला उन्हात वाळल्याचा वास होता. तिनं उगाच कागदांचा गठ्ठा सरळ केला.

“हे बघा. नावाच्या शेवटी जेपीजी आहे, म्हणजे फोटो. पण नाव काय, कुणीही बदलतं. फाईल खरी कसली, ते आतल्या पहिल्या चार-पाच अक्षरांवरून कळतं. पीडीएफ असली तर तिथं पीडीएफ असंच लिहिलेलं असतं. दहा ओळींचा कोड लिहितो, सगळ्या फायलींची तोंडं बघून येईल.”

“सगळ्या?”

“चारशेच्या चारशे. का, घाबरलात?”

“मी कशाला घाबरू...”

कोड चालला. फोटो म्हणवणाऱ्या सात फायली आतून पीडीएफ निघाल्या. त्यानं नावं दुरुस्त केली, पहिली उघडली आणि मुद्दाम सावकाश वाचायला लागला.

“शिवांजली. विटा. एमएस्सी. छंद – पोहणे.”

“पोहणे?” संयोगिता म्हणाली. “येरळा नदीला पाणी असतं का पोहण्याएवढं?”

“पोहू दे की तिला. तुम्हाला काय त्रास?”

“मला काय... पोहू दे.” तिनं स्टेपलर असा दाबला, की एकाच कागदाला तीन पिना बसल्या.

“हसते छान,” तो म्हणाला.

“फोटोत सगळ्याच हसतात.”

चंद्राबाईंनी चष्मा लावला. “थांब रं. चारशेत बिघडल्या त्या सातच, आन् साती तुझ्याच?”

संयोगिता कागदातल्या पिना उपसायला लागली. पंखा तेवढा कुरकुरत होता.

“व्हायरस असंल,” चंद्राबाई खिडकीकडं बघत म्हणाल्या.

“व्हायरसच,” विश्वजित पडद्याकडं बघत म्हणाला.

“मग शिवांजलीच्या घरी फोन लावू? रविवारी बघून येऊ.”

“लाव की, आत्या...” त्यानं मान वळवली ती संयोगिताकडं, आणि तशीच ठेवली.

चंद्राबाईंनी फोन उचलला. नंबर शोधायला त्यांना आज फार वेळ लागत होता. शेवटी सापडला, बोट टेकलं...

“नका लावू, काकू.” संयोगितानं स्टेपलर खाली ठेवला. “व्हायरस-बियरस काही नाही. नावं मीच बदलली. ह्यांनी दुसरी कुणी बघितलेली मला चालत नाही. मला ह्यांच्याशी लग्न करायचंय.”