कुंडीतली माय

खांडबाऱ्याच्या बाजारात धनुबाई कुंभाराकडे फुटकी खापरं मागत होती आणि कुंभार हसत होता. धड माठ सोडून खापरं मागणारी ही पहिलीच बाई! पण धनुबाईला कुंडीच्या तळाशी घालायला खापरंच हवी होती. तिचा नवरा बन्सीलाल स्टेशनावर तिकीटबाबू. त्यांच्या ओट्यावर एक गोल निवडुंग होता, चांगला कलिंगडाएवढा. रेल्वेच्या गोऱ्या साहेबाची मडम गाव सोडून गेली, तेव्हा बंगल्यावर काम करणाऱ्या शेजारच्या चांदबीनं तो आणून दिला होता.

"फूल नही, फळ नही, नुसता काटाच. कसाले ठेवं हाई?" बन्सीलाल कुरकुरायचा.

"तुमले काय टोचस?" म्हणून धनुबाई त्याला गप्प करायची.

बाई मोठी हौशी. निवडुंगाच्या अंगाला लिंबाएवढी पिल्लं फुटली तशी ती हरखून गेली. फडक्याची घडी धरून हलकेच पिरगाळायचं, की पिल्लू सुटून हातात यायचं. तुटल्या जागी ओल असते. ती सावलीत सुकून वर कातडी धरली की मगच जाड्या वाळूत बसवायचं, आणि पाण्याची घाई करायची नाही, नाहीतर पिल्लू सडलंच म्हणून समजा. आई-निवडुंगाच्या अंगावरचा वणही तसाच सुकतो. स्टेशनाच्या चाळीत घरोघरी तिनं पिल्लं वाटली.

आता उखाचं सांगायलाच हवं. धनुबाईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवलं. चांदबीनं तो उचलला आणि म्हणाली, "धनू, हाऊ पोऱ्या आते मन्हा शे. लेवाना व्हई ते किंमत दे." धनुबाईनं मूठभर कोंडा दिला आणि आपलाच लेक विकत घेतला. नाव ठेवलं उखा. मरणाला वाटावं, हा हिचा नव्हेच. पण त्या रीतीत एक मेख असते. विकणारीनं कोंडा परत केला तर सौदा मोडतो आणि पोर तिचं होतं. म्हणून चांदबीनं तो तिथल्या तिथे शेळीला चारून टाकला होता. आता उखा चांगला पळता-बोलता झाला होता, आणि धनुबाईचा जीव त्याच्यात अडकलेला.

वैशाखातली दुपार होती. मालगाडी गेल्यावर स्टेशन असं गपगार पडलं, की पत्रा तापून वाजला तरी दचकायला व्हावं. कुठूनतरी मोहाच्या फुलांचा आंबूस वास येत होता. उखा ओट्यावर कुंडीला कान लावून बसला होता.

"माय, ती रडी ऱ्हायनी."

"कोन रे?"

"गोल माय... ती इचारस, मन्हं पिल्लू कोठे शे?"

धनुबाई हसली. पण हसता हसता तिची नजर निवडुंगाकडे गेली. बाकी सगळे वण सुकले होते, एकच सुकला नव्हता. त्यातून पाणी झरत होतं. तिनं बोटानं टिपलं, तर ते कोमट लागलं. तिनं झटकन बोट पदराला पुसलं.

दिवेलागणीला उखाला ताप भरला. वैद्याचा काढा झाला, मीठमिरच्या ओवाळून झाल्या. ताप हटेना. पोर डोळे मिटून एकच पुटपुटत होतं, "ऊनू... ऊनू..." येतो म्हणून कुणाला सांगत होतं, देव जाणे.

चांदबी उशाशी येऊन बसली. मग खाली मान घालून ती बोलायला लागली.

"मडमना तान्हा पोऱ्या आठेच गया. मंग ती हाई कुंडीसंगेच बोलत बसे. कोनलेच पिल्लू तोडू दिधं नही... माले वाटनं, झाडना लोभ शे."

"खाला, हाई आते सांगस?" धनुबाई कडाडली, आणि मग रडायलाच लागली.

सकाळ होताच ती घरोघर फिरली. दिलेली पिल्लं पदर पसरून परत मागितली. बायांनी तोंडं वाकडी केली, पण दिली. तिनं ती कुंडीत आईला टेकवून मांडली. एक मात्र मिळालं नाही. शांतीबाईनं हौसेनं रोज पाणी घालून ते सडवलं होतं आणि कधीच फेकून दिलं होतं. तो ओला वण त्याच पिल्लाचा.

संध्याकाळी धनुबाईनं तापानं फणफणलेला उखा उचलला आणि कुंडीपाशी जमिनीवर ठेवला. उकिरड्यावर जे एकदा साधलं होतं तेच तिला पुन्हा सुचलं. तिनं मूठभर कोंडा निवडुंगाच्या बुडाशी टाकला.

"किंमत ले, बाई," ती म्हणाली, "पोऱ्या मन्हा शे." आणि पोराला छातीशी कवटाळून ती आत पळाली.

उजाडताना तिनं उखाच्या कपाळाला हात लावला. गार! ताप पार उतरलेला. अंगावरचा पदर सावरायचंही भान तिला राहिलं नाही. तशीच ती चांदबीच्या अंगणात धावली. चांदबी शेळीला पाला घालत होती.

"उतरना, खाला! मी त्याले परत इकत लिधा!"

"अल्लानी मेहेर!" चांदबी म्हणाली. मग तिचा हात थांबला. "आन कोंडा?"

"कुंडीम्हा टाकी दिधा."

चांदबीनं शेळीकडे पाहिलं, मग धनुबाईकडे.

"धनू... तो खाई कोन?"

धनुबाई तशीच घराकडे पळाली. बिछाना रिकामा होता. उखा ओट्यावर कुंडीला खेटून, पाठमोरा बसला होता. शांत. कुंडीतली वाळू सारखी केलेली होती आणि तिच्यावर कोंड्याचा एक कणही नव्हता. निवडुंगाचा तो ओला वण आता सुकला होता, त्यानं छान कातडी धरली होती.

"उखा... मन्हा राजा..."

पोरानं मान वळवली. ओळखीचं हसू नव्हतं, नुसतं परक्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. मग त्यानं मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर कोंडा होता, ओलसर, वाळूचे कण चिकटलेला.

"हाई ले, मावशी," तो म्हणाला. "मन्ही मायनी परत दिधा."