थंड इंजिनाचा काटा

काटा तळाला नव्हता.

थंड गाडीला चावी अर्धी फिरवली, तर तापमानाचा काटा आपल्या जागी पडून राहतो. अगदी खाली, निळ्या रेघेवर. इंजिन चालू झालं, तापलं, की मग सावकाश वर सरकतो. त्या सकाळी इंजिन चालू व्हायच्या आधीच तो वर चढला आणि मधोमध जाऊन थांबला.

जणू गाडी आत्ताच कुठून तरी आली होती…

ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी वाद नाही. पण घडलं ते असंच. ही रात्रीची गोष्ट नाही, सुनसान रस्त्यावरचीही नाही. मागच्या हिवाळ्यात, शनिवार ते सोमवार, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, लख्ख उजेडात घडली. जिच्या बाबतीत घडली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. एकच माप दोनदा घेतल्याशिवाय तोंड न उघडणारी बाई. तिने सांगितलं तेवढंच इथे आहे.

गाडी तिच्या नवऱ्याची. रोज सकाळी तो आधी जाऊन बसायचा, इंजिन चालू करायचा. काटा मध्यावर आला की हॉर्न द्यायचा, मग मायलेकी बाहेर यायच्या. एके सकाळी हॉर्न वाजलाच नाही. ती बघायला गेली तेव्हा इंजिन शांतपणे चालू होतं. तो सीटवर मान टाकून बसलेला. झोप लागल्यासारखा.

त्यानंतर गाडी तिथेच राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून धाकटा दीर आठवड्यातून एकदा येऊन ती चालू करायचा. दुसरी चावी त्याच्याकडेच होती. त्याच्या ओळखीचं एक गिऱ्हाईकही तयार होतं. इकडे लेकीला नोकरी लागली, ती गावाबाहेर. परतीच्या वेळी तिकडून बस नव्हती. सोमवारपासून गाडी नाही मिळाली तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

दीर म्हणे विका. लेक म्हणे मला दे.

ती दोघांनाही एकच उत्तर द्यायची. "बघू."

शनिवारी काटा पाहिल्यावर तिने दिराला बोलावलं. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. स्क्रीनवर आकडा आला. उकळत्या पाण्याच्या थोडाच खाली.

"गाडी चालू केली होती?"

"नाही."

"मग सेन्सर गेला, वहिनी. तापमानाचा. पोरखेळ आहे, घरीच बदलू. गॅरेजवाला उगाच चार भाग जास्तीचे गळ्यात मारेल."

तो सामान आणायला गेला तो दुपारीच उगवला. तोवर काटा आपला आपण खाली आला होता. त्याने बॅटरीची वायर काढली, प्लग सोडवला. तिने रबरी हातमोजे चढवले आणि पाना फिरवला. थोडं कूलंट सांडलं. जुना सेन्सर बाहेर, नवा आत, नव्या वॉशरसकट. वायर पुन्हा जोडली. काटा तळाला.

"घ्या. डॉक्टरांनी पेशंट वाचवला," दीर म्हणाला. "हातमोजे तर असे घातलेत की टाकेसुद्धा घालाल."

लेक हसली. तीही हसली.

रविवारी सकाळी तिने सहज चावी फिरवली.

काटा वर चढला… मधोमध येऊन थांबला.

दोन सेन्सर सारखंच खोटं बोलत नाहीत. तिने जुना सेन्सर स्वयंपाकघरात नेला. पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर आणि दोऱ्याने सोडलेला सेन्सर. दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. पाणी तापेल तसा सेन्सरचा विद्युतरोध उतरायला हवा. उतरला. अगदी शहाण्यासारखा.

तो बिघडलेला नव्हताच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. शनिवारपासून सगळ्यांनी आकडा बघितला, काटा बघितला. त्या सकाळी बॉनेट उघडून इंजिनाला हात मात्र एकानेही लावला नव्हता. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलून मोकळे झाले होते.

गॅस तसाच ठेवून ती शेडमध्ये धावली. बॉनेट उघडलं. तळहात टेकवला.

कोमट.

म्हणजे कुणीतरी गाडी चालू करत होतं.

तिने किलोमीटरचा आकडा पाहिला. जितका होता तितकाच. पेट्रोल तेवढंच. शेडच्या बंद हवेत धुराचा वास नाही. तरी संशय जायचा तिथे गेलाच. तिने दिराला परत बोलावलं.

"भाऊजी, पहाटे आला होतात?"

"रविवारी पहाटे मला माझी बायको उठवू शकत नाही, वहिनी. तुमची गाडी काय उठवणार?"

ती हसली नाही. "गिऱ्हाईक तुमचं आहे. गाडीत बिघाड निघाला तर पोरीचा हट्ट सुटेल, असं वाटलं असेल."

त्याचा चेहरा उतरला. खिशातून चावी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली.

"एक सांगू? दादा गेल्यापासून मी त्या सीटवर बसलेलो नाही. काल स्कॅनरसुद्धा खाली उकिडवा बसून जोडला. दर आठवड्याला दारात उभा राहतो, हात आत घालतो, चावी फिरवतो. घाबरट म्हणा."

"का?"

तो गाडीकडे न बघता बोलला.

"तिथे… बसायला जागा आहे असं वाटत नाही."

तो गेल्यावर तिने लेकीलाही आडून विचारून पाहिलं. "तू रात्रीबेरात्री शेडमध्ये जातेस का गं?" लेक तिच्याकडे बघतच राहिली. "आई, चावी तुझ्या उशाशी असते. आणि आता माझ्यावरपण नजर ठेवणार का?"

संध्याकाळी तिने स्वतः बॅटरीची वायर काढून बाजूला वळवून ठेवली. शेडला बाहेरून कुलूप. दोन्ही चाव्या आणि कुलपाची किल्ली तिच्या कपाटात. कपाटाची किल्ली गळ्यातल्या साखळीत. आता गाडी चालू होणं शक्यच नव्हतं. तशी व्यवस्थाच उरली नव्हती.

सोमवार. थंडी चांगली पडली होती. ऊन नुकतंच अंगणात आलं होतं. तिने कुलूप काढलं. जसं लावलं होतं तसंच होतं.

दार सरकवलं…

आवाज आला.

टिक…

टिक… टिक…

तिला तो आवाज ओळखीचा होता. तापलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, तेव्हा असं वाजतं. नुकतीच बंद केलेली गाडी असाच आवाज करते. गाडी लावून घरात शिरेपर्यंत तो मागे ऐकू येत राहतो.

तिने बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर वळवून ठेवली होती तशीच, सुटी. तिने इंजिनावर हात ठेवला.

आणि झटकन ओढून घेतला.

तळहातावर लाल डाग उठला. हे सांगताना ती अजूनही तो हात दुसऱ्या हाताने चोळत राहते. डाग कधीच गेलाय.

मग तिला काच दिसली.

तीन दारांच्या काचा स्वच्छ होत्या. ड्रायव्हरच्या बाजूची तेवढी धुरकट. बाहेरून दव असेल म्हणून तिने बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

ओल आतून होती…

बंद गाडीत, एकाच काचेवर, आतून वाफ धरायला काय लागतं ते तिला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत ती काचेवर श्वास सोडून मुलांना दाखवत असे.

"आई." मागे लेक उभी होती. खांद्याला बॅग, हात पुढे केलेला. "चल, दे चावी. पहिल्याच दिवशी उशीर नको."

"थांब."

"आता काय? सेन्सर बदललास ना? अजून किती दिवस 'बघू' म्हणणार आहेस? नाही तर काकांच्या गिऱ्हाइकाला देऊन टाक. पण काहीतरी एक ठरव."

ती लेकीकडे वळली नाही. ठरलेलं तर होतंच. कालपासून नव्हे, हॉर्न वाजला नाही त्या सकाळपासूनच. फक्त ते ज्याला सांगायचं होतं त्याला सांगायची हिंमत झाली नव्हती. म्हणून दिराला बघू, लेकीला बघू.

ती ड्रायव्हरच्या दाराशी गेली.

टिकटिक थांबली.

हळूहळू विरली नाही. एकदम थांबली… कुणीतरी ऐकायला लागल्यासारखी.

"आई, काय करतेस…"

तिने हातानेच लेकीला मागे सरकवलं. दार उघडलं. आतली हवा तोंडावर आली, उबदार, ओलसर. सीट रिकामी होती. ती त्या रिकाम्या सीटकडे बघत, घरात बोलायची तशाच आवाजात बोलली.

"अहो, ही गाडी आज मोडीत जाणार. पोरीला द्यायची नाही, कुणाला विकायचीही नाही. उतरा आता."